पान त्रेसष्टवरची रेघ

सतरा वर्षांपूर्वी मला एक पत्र आलं होतं. त्याचं उत्तर मी दिलं नाही. वेळ नव्हता म्हणायची सोय नाही, माझ्याकडे वेळेशिवाय दुसरं काही नव्हतंच. पत्ता हरवला असंही नाही. लिहिणाऱ्याने सोबत स्वतःचा पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं पाकीट जोडलं होतं. चार ओळी लिहायच्या, घडी आत सारायची, डिंक ओला करायचा. एवढंही माझ्याच्याने झालं नाही.

मी तंत्रशाळेत वायरमनच्या वर्गाला लेखी भाग शिकवायचो. तारा ओढायला, पाइप ठोकायला वेगळे शिक्षक होते, माझ्या हातात फक्त खडू. घरातला फ्यूज उडाला तर मी शेजाऱ्याला हाक मारत असे. माझी धाकटी बहीण, जी नवरा गेल्यापासून माझ्याकडेच राहते, मला तोंडावर म्हणायची, "दादा, तू स्टुलावर चढणार असलास तर आधी सांग, मी दोन दिवस कुठेतरी जाऊन राहते." शाळेतल्या मुलांनी माझं नाव 'कागदी करंट' ठेवलं होतं. पाठ वळली की ऐकू यायचं. राग येत नसे, कारण नाव चपखल बसलं होतं.

अशा माणसाने पुस्तक लिहायला नको होतं. पण मी लिहिलं. 'तारकामाचे सोपे हिशेब' असं त्याचं नाव. दीडशे पानांचं, पातळ पुठ्ठ्याचं. त्यात सांगितलं होतं ते जगजाहीर आहे: व्होल्टेज मोजा, करंट मोजा, व्होल्टेजला करंटने भागलं की रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, मिळतो, दोन्हींचा गुणाकार केला की वॅट मिळतात. बाकी सगळी उदाहरणं. ज्यांना शाळेत जाता आलं नाही अशा लोकांनी ते पुस्तक घेतलं, असं प्रकाशक सांगायचे. मला ते ऐकून बरं वाटायचं आणि भीतीही वाटायची. भीती जास्त.

पत्र अशाच एकाचं होतं. एका पोल्ट्रीवर तो वायरमन म्हणून कामाला होता. अक्षर मोठं, प्रत्येक ओळ पट्टी धरून लिहिल्यासारखी सरळ. 'साहेब, मी आपला विद्यार्थी नाही, पण जे येतं ते आपल्या पुस्तकावरून' अशी सुरुवात. मग त्याने झालेली गोष्ट लिहिली होती. मालकाने पिल्लांसाठी नवी शेड बांधली, बोर्डापासून शंभर मीटर लांब. थंडीत शेड ऊबदार राहायला चार हजार वॅट लागतील असं ठरलं होतं. याने सगळे हीटर आधी बोर्डाजवळ जोडून पाहिले. दोनशे तीस व्होल्ट, वीस अँपिअर. म्हणजे रोध साडेअकरा ओहम, आणि शक्ती सेहेचाळीसशे वॅट. भरपूर झाली. मात्र तार लांबची, तिचाही रोध धरायला हवा, म्हणून त्याने माझं पुस्तक उघडलं. पान त्रेसष्ट. शंभर मीटर तारेचा रोध पाऊण ओहम. साडेअकरात पाऊण मिळवा, सव्वाबारा. त्या हिशेबाने हीटरना चार हजार पन्नास वॅट मिळत होते. लागणार होते चार हजार. त्याने तार टाकली.

पहिल्याच कडाक्याच्या थंडीत चौदाशे पिल्लं मेली. थंडी वाजली की पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढतात, त्याने लिहिलं होतं, आणि खालची गुदमरतात. सकाळी कोपऱ्यात नुसते ढीग होते. वरवरची काही जिवंत होती.

पुढे लिहिलं होतं: 'पुस्तक शेडमध्येच होतं, ते भुशाबरोबर, पिल्लं पुरली त्या चुन्याच्या खड्ड्यात गेलं, म्हणून हिशेब आठवून लिहितो आहे. मालक म्हणतात, पुस्तक लिहिणाऱ्याकडून लिहून आण, मग कामावर ठेवायचं का ते बघू. साहेब, माझं चुकलं कुठे तेवढं सांगा. जाणारी आणि येणारी अशा तारा दोन आहेत हे मला दिसत होतं. पण पुस्तकात एकच धरली होती. म्हटलं, लिहिणाऱ्याला माझ्यापेक्षा जास्त कळत असणार.'

मी कपाटातून पुस्तक काढलं. उभ्या उभ्याच पान त्रेसष्ट उघडलं आणि मग खाली बसलो.

वीज एका तारेने जाते आणि दुसऱ्या तारेने परत येते. अंतर शंभर मीटर असलं तर तार दोनशे मीटर लागते आणि रोध दुप्पट होतो. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, मी ते दरवर्षी शिकवत होतो. पण आमच्यात नकाशा काढताना दोन तारा वेगळ्या दाखवत नाहीत. दोन्हींची मिळून एकच रेघ ओढतात आणि तिच्यावर दोन बारीक तिरक्या खुणा करतात, की बाबा, या दोन आहेत. माझ्या पुस्तकातल्या आकृतीत मी रेघ ओढली होती, खुणा करायला विसरलो होतो. आणि उदाहरण सोडवलं ते त्या आकृतीकडे बघून. ज्याने कधी खांद्यावरून तारेची दोन वेटोळी वाहून नेली आहेत त्याच्या हातून हे झालं नसतं. मला ती रेघच दिसत होती. तार मी कधी पाहिलीच नव्हती.

मी पुन्हा हिशेब केला. साडेअकरात दीड मिळवला, तेरा. दोनशे तीस भागिले तेरा, सतरा अँपिअर आणि वर काही. हीटरना मिळत होते छत्तीसशे वॅट. चारशे कमी. बाकीची वीज तार तापवण्यात जात होती.

"कोणाचं रे पत्र?" बहिणीने विचारलं. एका वाचकाचं, मी म्हणालो. उत्तर देणार आहेस ना, असं तिने विचारलं आणि मी हो म्हणालो.

त्याच आठवड्यात प्रकाशकांकडे पुस्तकाची दुसरी छपाई सुरू होणार होती. मी जाऊन पान त्रेसष्ट दुरुस्त करून दिलं. आकृतीवर खुणा घातल्या, पाऊणच्या जागी दीड केला. प्रकाशक भला माणूस होता. म्हणाला, मग 'सुधारित आवृत्ती' असं छापू या, आणि जुन्या प्रती दुकानांत पडल्या आहेत त्यांच्यासाठी एक शुद्धिपत्र काढू. मी म्हणालो, कशाला, शुद्धिपत्रं कोण वाचतं? नुसतं 'पुनर्मुद्रण' छापा. हे बोलताना माझा आवाज अगदी सहज होता. मला अजून आठवतो.

घरी येऊन उत्तर लिहायला बसलो. 'आपलं पत्र मिळालं' याच्या पुढे गेलो नाही. चूक माझी होती असं लिहिलं की ते कागदावर आलं, आणि कागद मालकाच्या हातात जाणार. मालक तो आणखी कोणाला दाखवणार. तंत्रशाळेत कळणार. कागदी करंटने चौदाशे पिल्लं मारली. मी स्वतःला समजावलं की थंडी नेहमीपेक्षा जास्त होती, शेडच्या भिंतीला फटीही असतील, मालकाने तापमापक टांगायला नको होता का? यातलं काहीच खोटं नव्हतं. पत्र मी पाकिटासकट त्या पुस्तकातच ठेवलं, पहिल्या छपाईच्या माझ्या एकुलत्या एक प्रतीत, आणि मूग गिळून बसलो. आठवडे गेले, मग उशीर झाला म्हणून लाज वाटू लागली, मग लाज वाटते म्हणून आणखी उशीर. सतरा वर्षांना एवढंच कारण आहे. मी शोधून पाहिलं, दुसरं सापडत नाही.

या हिवाळ्यात माझ्या खोलीतला हीटर बंद पडला. बहिणीने तो पिशवीत घालून माझ्या हातात दिला आणि बाजारामागच्या गल्लीत विजेच्या मोटारींची तार नव्याने गुंडाळून देणाऱ्या बाईचं दुकान आहे तिथे जा म्हणाली. "नेऊन टाकायचाय फक्त," ती म्हणाली, "उघडून बघू नकोस."

दुकान अरुंद होतं. दारातच तांब्याच्या तारेची रिळं, आत वॉर्निशचा वास. पस्तिशीची एक बाई टेबलाशी मोटारीच्या खाचांमध्ये कागद सारत होती. मागे भिंतीशी एक म्हातारा हाताने फिरवायच्या यंत्रावर तार गुंडाळत होता आणि पुटपुटत वेढे मोजत होता. मी आत आलो तसं त्याचं मोजणं तुटलं. तो थांबला, सगळी तार उलटी सोडली आणि पुन्हा एकपासून सुरू केलं.

"काका, तुम्ही मनावर घेऊ नका," बाई म्हणाली. "बाबांचं तसंच आहे. यंत्रावर आकडा येतो, पण त्यांचा त्यावर विश्वास नाही. स्वतःवर तर त्याहून नाही."

तिने हीटर उघडला. कॉइल तुटलेली होती, दोन दिवसांत देते म्हणाली. पावती लिहायला वही ओढली तेव्हा तिच्याखालचं पुस्तक मला दिसलं. तपकिरी कागदाचं वेष्टण घातलेलं, कोपरे झिजलेले, पण उघडं पडलं होतं त्या पानावरची आकृती माझी होती. माझ्या तोंडून विचारलं गेलं, हे पुस्तक चांगलं आहे का?

चांगलं आहे, ती म्हणाली. दुसऱ्या गावच्या तंत्रशाळेत असताना तिने घेतलं होतं. तिचा सगळा धंदा त्यावर उभा होता. मग आवाज खाली करून, मान मागे कलवून तिने सांगितलं की बाबा मात्र त्याला हात लावत नाहीत. आणि सगळी हकिगत सांगितली. पोल्ट्री, लांबची शेड, थंडी. मला पुढचं प्रत्येक वाक्य आधीच येत होतं, तरी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा मी मान डोलावत होतो.

मला ठाऊक नव्हतं ते त्यानंतरचं. बाबांनी पुस्तक लिहिणाऱ्याला पत्र टाकलं. दोन महिने रोज दुपारी फाटकापाशी पोस्टमनची वाट पाहिली. उत्तर आलं नाही. शेवटी मालकाचा मेहुणा बाजारातून तेच पुस्तक घेऊन आला आणि सगळ्या कामगारांसमोर त्याने पान त्रेसष्ट उघडून मोठ्याने वाचलं. तिथे दोन तारा होत्या. स्वच्छ छापलेल्या. 'स्वतःचं पाप पुस्तकावर ढकलतोस?' असं मालक म्हणाला.

"बाबा म्हणत राहिले, माझ्या पुस्तकात असं नव्हतं," ती म्हणाली. "पण त्यांचं पुस्तक होतं कुठे? खोटारडे ठरले ते. मी लहान नव्हते हो तेव्हा, मला कळत होतं. पुढे मी हे घेतलं तेव्हा आधी तेच पान काढलं. मनात होतं, बाबांचं खरं निघावं." ती पावतीवर तारीख घालत होती. "नाही निघालं. वाचायला चुकले असतील. हल्ली तेही तसंच म्हणतात."

मग तिने विचारलं, "नाव काय लिहू, काका?"

माझं नाव त्या वेष्टणाखाली छापलेलं होतं. मी म्हणालो, नाव कशाला, नुसतं हीटर लिहा, मीच येईन न्यायला. तिने हसून 'चष्मेवाले काका' असं लिहिलं आणि पावती फाडून दिली.

दोन दिवस मी एक वाक्य घोकत होतो. चूक तुमची नव्हती, पुस्तक मी लिहिलं होतं. एवढं वाक्य तर विद्यार्थ्यालाही पाठ होईल. गल्लीच्या तोंडापर्यंत ते नीट येत होतं.

मी पोहोचलो तेव्हा बाई दारात एका गिऱ्हाइकाशी मोटारीवरून वाद घालत होती. तिने तिथूनच हीटर तपासून द्यायला बाबांना सांगितलं. म्हाताऱ्याने मला स्टूल दिलं. हीटर जोडला, मीटर लावले, कॉइल लाल होईपर्यंत थांबला. त्याचे हात मी पाहिले. घाई नाही, थरथर नाही, तारेचं टोक बोटाने चाचपून मगच स्क्रू आवळायचा. मला ते जन्मात जमलं नसतं.

"दोनशे तीस," तो म्हणाला. मग दुसऱ्या मीटरवर वाकला. "चार."

"किती वॅट झाले, बाबा?" दारातून प्रश्न आला.

आकडे त्याच्यासमोर होते. दोनशे तीसला चाराने गुणायचं होतं. त्याने पेन्सिल उचलली, कागदाला टेकवली आणि परत ठेवली. "तू बघ येऊन," तो म्हणाला.

इतकी वर्षं वर्गात मी अशा शांततेत उत्तर भरत आलो. ते आपोआप निघालं. "नऊशे वीस."

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात संशय नव्हता, नुसतं कुतूहल होतं. "मास्तर होतात का?"

"होतो," मी म्हणालो.

"कशाचे?"

तो माझ्यापासून दोन हातांवर होता. घोकलेलं वाक्य माझ्या तोंडात होतं. मी म्हणालो, "असंच. थोडंफार सगळंच."

तो हसला. हीटरची वायर गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "मलाही यायचं हे एकेकाळी. झटकन यायचं. मग एकदा वाचलं एक आणि डोक्यात राहिलं दुसरंच. तेव्हापासून मोजणं तेवढं करतो. हिशेबाचा भरवसा नाही माझा."

"एकदाच चुकलं असेल," मी म्हणालो. असलं काहीतरी मी बोललो.

"नाही हो," तो शांतपणे म्हणाला. "ते पान मला अजून दिसतं. एक रेघ, आणि पाऊण. लख्ख दिसतं. आणि ते तसं नव्हतंच. म्हणजे बघा, डोकंच कसं आहे माझं."

मी हीटर उचलला आणि बाहेर पडलो. गल्लीच्या तोंडाशी बराच वेळ उभा होतो. परत फिरलो नाही.

घरी आल्यावर हीटर न लावताच मी कपाटापाशी गेलो. पुस्तक होतं तिथेच होतं, आत पत्र, पत्राला टाचलेलं पाकीट. पान त्रेसष्ट उघडलं. एक रेघ, आणि पाऊण. सतरा वर्षं हा माणूस स्वतःला वेडा समजत होता आणि त्याला दिसत होतं ते पान माझ्या कपाटात होतं.

मला वाटत आलं होतं की माझा गुन्हा त्या पाऊण ओहमचा आहे. चूक कोणाचीही होते. पण मी ती गुपचूप दुरुस्त केली, आणि त्या दुरुस्तीने त्याला खोटं पाडलं. हे इतकं सरळ आहे आणि मला एका म्हाताऱ्याच्या तोंडून ऐकावं लागलं.

मी पट्टी घेतली आणि पान त्रेसष्ट शिवणीजवळ दाबून फाडलं. आयुष्यात पुस्तकाचं पान मी पहिल्यांदा फाडलं. आवाज ऐकून बहीण दारात आली. तिने पत्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "तेच ना?" ती म्हणाली. "वाचकाचं?"

मी मान डोलावली. ती आत आली आणि माझा हीटर लावून गेली.

उत्तर मोठं झालं नाही. आपलं पत्र मिळालं, असं लिहिलं, कारण सुरुवात तीच करायला हवी होती. मग लिहिलं की तुम्हाला दिसतं ते पान खरं आहे, सोबत जोडलं आहे. तुम्ही बरोबर वाचलंत. हिशेबही बरोबर केलात, उदाहरण चुकीचं होतं. तारा दोन आहेत हे तुम्हाला दिसलं होतं, मला दिसलं नव्हतं. पत्र आल्यावर मी पान बदललं आणि कोणाला सांगितलं नाही. चष्मेवाले काका म्हणून आपल्या दुकानात दोनदा आलो तो मीच, आणि समोर बसून बोलायचं धैर्य मला झालं नाही. वेगळ्या कागदावर, मालकाला किंवा ज्याला दाखवायचं असेल त्याला दाखवता यावं म्हणून, हेच पुन्हा चार ओळींत लिहिलं आणि खाली पूर्ण नावानिशी सही केली. क्षमा मागणारं वाक्य तीन वेळा लिहिलं, तीन वेळा खोडलं. ते मागण्याचा हक्क मला आहे असं वाटेना. शेवटी राहिलंच ते.

पाकीट त्याचंच वापरलं. पोल्ट्रीचा पत्ता त्याच्या सरळ अक्षरात होता. तो एका रेघेने खोडून खाली दुकानाचा लिहिला. डिंक वाळून गेला होता, खळ लावावी लागली.

पोस्टातल्या मुलीने पाकीट वजनावर ठेवलं आणि तिकिटाकडे पाहून भुवया उंचावल्या. "काका, हे तिकीट आहे की आजोबा? आणि हा पत्ता तर मागच्याच गल्लीतला. चालत गेलात तर पाच मिनिटं लागतील."

"हो," मी म्हणालो. "ठाऊक आहे."

तिने आणखी तीन तिकिटं दिली. मी ती जुन्या तिकिटाशेजारी ओळीने चिकटवली, चारही कोपरे अंगठ्याने दाबले आणि पाकीट तिच्या हातात परत दिलं. तिने त्यावर ठप्पा मारला आणि ते मागच्या पिशवीत टाकलं.